कानानं वाचायची पुस्तकं

आमच्या घरात पुस्तकं मोठ्यानं वाचायला सुरुवात झाली ती काचबिंदूमुळे. ठरवून काही केलं नव्हतं. २००९ च्या उन्हाळ्यात लातूरला माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, उरलीसुरली नजर गेली. मोतीबिंदू झाला तर शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दिसू लागतं, हे आपल्याला माहीत असतं. काचबिंदूचं तसं नाही. त्यात बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढतो, मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा अण्णांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘म्हणजे आता वाचायचं कसं?’’

हा प्रश्न त्यांना का पडला हे कळायला थोडं मागं जावं लागेल. अण्णांची शाळा निजामाच्या राजवटीतली. घरात मराठी, पण प्राथमिकनंतरचं सगळं शिक्षण उर्दूतून. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. आपटे, केतकर, साने गुरुजी ही मंडळी त्यांना भेटली ती त्यानंतर, गावातल्या वाचनालयात. ‘‘मराठी मला शाळेनं दिली नाही, मी ती वाचनालयातून मिळवली,’’ असं ते म्हणायचे. एवढ्या उशिरा हाती आलेली गोष्ट ऐंशीच्या उंबरठ्यावर पुन्हा हातातून निघून चालली होती.

आम्ही तेव्हा नांदेडला राहत होतो. हे टेलिफोन खात्यात, मी शाळेत गणित शिकवत असे. पंधरा दिवसांतून एकदा एसटीनं लोहा, अहमदपूर करत लातूर गाठायचं, दोन दिवस राहून परत यायचं. शेजारचा मुलगा अण्णांना वर्तमानपत्र वाचून दाखवी, पण कादंबरी कोण वाचणार? यांच्याकडे एक छोटा डिजिटल रेकॉर्डर होता. यांनी ठरवलं, रोज रात्री नांदेडला थोडं वाचून ठेवायचं आणि लातूरला जाताना ते घेऊन जायचं. अण्णांनी पहिलं पुस्तक मागितलं ते हरी नारायण आपट्यांचं ‘पण लक्षांत कोण घेतो?’.

यांनी दोन प्रकरणं वाचून नेली. अण्णांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाले, ‘‘वाचायलास बरा. पण ही यमूची गोष्ट आहे. यमू तुझ्या आवाजात कशी बोलंल? सूनबाईला वाचू दे.’’

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ही कादंबरी यमुना नावाच्या एका बाईनं स्वतःच्या तोंडून सांगितलेली आपली हकिकत आहे. लेखक पुरुष असला तरी पुस्तकात पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलते ती बाई. पण श्रोतेहो, माझी अडचण निराळी होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत ‘जेवायला वाढलंय’, ‘औषध घेतलं का’ याच्या पलीकडे मी अण्णांशी फारसं बोलले नव्हते. तशी रीतच होती. आणि आता त्याच सासऱ्यांना, एकत्र कुटुंबात सुनेला काय काय सोसावं लागतं याची कादंबरी मी मोठ्यानं वाचून दाखवायची होती.

मोठ्यानं वाचणं हे आपल्याकडे नवं नाही. चातुर्मासात देवळात पोथी लागते. एक जण वाचतो, एक जण अर्थ सांगतो आणि ज्यांना अक्षरओळख नाही अशी माणसंही वर्षानुवर्षं ऐकून ग्रंथ पाठ करतात. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर छप्पन्न गीतं गेली आणि महाराष्ट्रानं ती रेडिओभोवती बसून ऐकली. पुढे पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांनी स्वतःच्या कथा स्वतः सांगितल्या आणि कथाकथनाला सभागृहं भरू लागली. पण ते कथाकथन होतं. सबंध पुस्तक, त्यातला एकही शब्द न गाळता, ऐकणाऱ्याच्या सोयीनं ऐकता यावं, ही कल्पना निराळी आहे आणि तिचा प्रवास यंत्रांच्या प्रवासाबरोबर झाला आहे.

एडिसननं १८७७ साली फोनोग्राफ बनवला. या यंत्राचे काय काय उपयोग होतील याची यादी त्यानं पुढच्याच वर्षी छापली, आणि तीत अंधांसाठी बोलणारी पुस्तकं होती. कल्पना लगेच सुचली, पण ती प्रत्यक्षात यायला अर्धशतक गेलं. कारण साधं होतं, त्या वेळच्या नळकांड्यावर जेमतेम दोन-तीन मिनिटं मावत. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत हळू फिरणाऱ्या तबकड्या निघाल्या, त्यांच्या एका बाजूवर पंधरा मिनिटांचं वाचन बसू लागलं. ब्रिटनमध्ये १९३५ साली बोलकी पुस्तकं सुरू झाली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांचा प्रश्न तिथे डोळ्यांसमोर होता. पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथाही होती, हे मला फार आवडतं. अंध माणसाला नेहमी उपदेशच ऐकायचा असतो असं नाही!

१९६३ साली कॅसेट आली आणि पुस्तक खिशात मावेल असं झालं. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या डुव्हाल हेक्ट आणि सिग्रिड हेक्ट या नवरा-बायकोनं कॅसेटवरची पुस्तकं टपालानं भाड्यानं द्यायला सुरुवात केली. हे डुव्हाल हेक्ट १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचं सुवर्णपदक मिळवलेले. न्यूपोर्ट बीचहून लॉस एंजेलिसला कामासाठी रोज मोटारीनं जायचं, परत यायचं, आणि वाटेत रेडिओवरचं तेच ते ऐकून ते कंटाळले होते. या कंटाळ्यातून उभा राहिलेला व्यवसाय २००१ साली रँडम हाऊस या मोठ्या प्रकाशनसंस्थेनं विकत घेतला. हे मी फार नंतर वाचलं. तेव्हा नांदेड-लातूर एसटीच्या खिडकीशी बसून, एकेक बोंडलं कानात घालून, स्वतःचंच वाचन तपासत जाणारे आम्ही दोघं मला आठवलो.

पुस्तक वाचून ठेवणं म्हणजे नेमकं किती काम असतं? मी गणिताची शिक्षिका, त्यामुळे आधी हिशेब मांडला. तीनशे पानांची कादंबरी घ्या. पानावर सरासरी २७० शब्द धरले तर ८१ हजार शब्द होतात. मिनिटाला १२० शब्द या गतीनं ते वाचायला ६७५ मिनिटं, म्हणजे सव्वाअकरा तास लागतात. नव्वद मिनिटांच्या कॅसेट घेतल्या तर त्या आठ होतील. गाण्याच्या नेहमीच्या सीडी नऊ लागतील. पण तेच एमपीथ्री पद्धतीनं दाबून ठेवलं, तर बोलण्याला पुरेल इतक्या प्रतीत तासाला सुमारे २९ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे अशा दोन कादंबऱ्या एका सीडीवर बसतात. शिवाय सव्वाअकरा तास हा ऐकण्याचा वेळ झाला. वाचणं, चुका काढणं, पुन्हा ऐकणं हे धरलं तर एका तासाच्या वाचनामागे आमचे चार तास जात.

जागेचा प्रश्न मोठा होता. शहरात शांतता कुठून आणायची? कुकरची शिट्टी, भाजीवाला, पलीकडच्या प्लॉटवर बोअर मारणारी गाडी. आम्ही लातूरच्या घरातल्या आतल्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या. मोकळ्या भिंतीवरून आवाज परत फिरतो आणि विहिरीत बोलल्यासारखं वाटतं. जाड गोधडी तो शोषून घेते. माइक तोंडापासून एक वीत लांब आणि जरासा बाजूला ठेवायचा. नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना तोंडातून निघणारी हवा थेट त्याच्यावर आदळून ठप्प असा आवाज येतो. त्यावर एक स्वच्छ पायमोजा चढवला की आणखी बरं. पंखा मात्र बंदच ठेवावा लागे. एप्रिल-मे महिन्यांत गोधड्या टांगलेल्या बंद खोलीत बसून वाचायचं म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

आणि भारनियमन! ज्या भारनियमनाला आम्ही सगळे कावलो होतो, तेच इथे कामाला आलं. वीज गेली की पिठाची गिरणी बंद, शेजारचा टीव्ही बंद, वरचा कूलर बंद. रेकॉर्डर बॅटरीवर चाले. दुपारी वीज गेली की अण्णा हाक मारत, ‘‘चला, लाइट गेली, पुस्तक काढा.’’

चूक झाली की मी टाळी वाजवायची, असं यांनी ठरवून दिलं होतं. संगणकावर आवाजाचा आलेख दिसतो, त्यात टाळीचा उंच काटा उठून दिसतो. तिथे जाऊन चुकलेलं वाक्य कापायचं. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळतं, ते हे शिकले. त्यातच एक गोष्ट समजली. कोणतीही खोली खरी निःशब्द नसते. प्रत्येक खोलीची स्वतःची एक हलकी गुणगुण असते, ती वेळेप्रमाणे बदलते. म्हणून वाचायच्या आधी अर्धा मिनिट गप्प बसून ती रिकामी खोलीसुद्धा ध्वनिमुद्रित करून ठेवायची. कापलेल्या जागी तो तुकडा जोडला की सांधा कळत नाही. निदान आम्हाला तरी तसं वाटे.

वाचण्याचं शिक्षण मात्र अण्णांनी दिलं. मी सुरुवातीला रडक्या प्रसंगी रडका आवाज काढत असे. त्यांनी थांबवलं. ‘‘नाटक नको करू. तू नुसतं वाच, रडायचं का नाही ते आम्ही बघू.’’ दुसरं शिकवलं ते उच्चारांचं. आपल्या लिपीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार एकाच अक्षरानं लिहितात. ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ वेगळा आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ वेगळा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, कागदावर दोन्ही सारखेच. डोळ्यांनी वाचताना हे लक्षातही येत नाही. मोठ्यानं वाचताना एकच उच्चार निवडावा लागतो, आणि तो निवडायचा तर आधी वाक्य समजलेलं असावं लागतं. तिसरी गोष्ट अनुस्वारांची. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘नांव’ असं सर्रास दिसतं. ते अनुस्वार नाकातून म्हणायचे नसतात. मी म्हणत असे. अण्णा काठी आपटत.

आपट्यांची ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ या त्यांच्या साप्ताहिकातून क्रमशः आली होती. आठवड्याला एक हप्ता वाचून थांबायचं अशाच बेतानं ती लिहिलेली, म्हणून कानाला ती फार सोयीची आहे. आम्हीही तशीच थांबत थांबत पुढे जात होतो. आणि एका दुपारी यमूच्या केशवपनाचा प्रसंग आला.

यमूचा नवरा तरुणपणीच जातो आणि पुढे घरचीच माणसं तिचे केस जबरदस्तीनं काढवतात. मी वाचत होते. अण्णा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. मध्येच त्यांनी हात वर केला, ‘‘थांब.’’ मला वाटलं, उच्चार चुकला. ते म्हणाले, ‘‘आमच्या आत्याचंही असंच केलं. मी सात-आठ वर्षांचा असंन. न्हावी यायचा त्या दिवशी आम्हा पोरांना वाड्याबाहेर काढायचे. मी एकदा दाराच्या फटीतून बघितलं. ती रडत नव्हती, नुसती खाली बघत होती. नंतर मला म्हणाली, बघितलंस ना, आता कुणाला सांगू नको.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘बहात्तर वर्षं सांगितलं नाही.’’

यांनाही ते माहीत नव्हतं. आम्ही तिघंही बराच वेळ गप्प बसलो. रेकॉर्डर चालूच होता. मग अण्णाच म्हणाले, ‘‘वाच पुढं.’’

कादंबरी पूर्ण झाली तोवर आम्हाला या कामाची चटक लागली होती. अण्णांपुरतं सुरू झालेलं काम ओळखीतून एका अंध मुलांच्या शाळेत गेलं. आणि तिथे आमची चूक झाली. पुढचं पुस्तक म्हणून आम्ही एका अशा लेखकाची कादंबरी वाचली, ज्यांना जाऊन वीस वर्षंच झाली होती. नऊ तासांचं वाचन तयार झालं. त्याच्या सीडी शाळेला दिल्या आणि कौतुकानं नातेवाइकांतही वाटल्या. एका वकील स्नेह्यानं विचारलं, ‘‘परवानगी घेतली का?’’ आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

हे नियम हौशी माणसानं नीट समजून घ्यायला हवेत. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. ही मुदत आधी पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांच्या साहित्यावरचे हक्क १९९१ अखेर संपणार होते, तेव्हा ती वाढवण्यात आली. हरी नारायण आपटे १९१९ साली गेले, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली. त्यांचं साहित्य केव्हाच सगळ्यांचं झालं आहे. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून मोकळी झाली. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, त्यांचा चिमणराव १ जानेवारी २०२४ ला मोकळा झाला. आमच्या नांदेडचे नरहर कुरुंदकर १९८२ साली गेले, त्यांच्या पुस्तकांसाठी २०४२ अखेरपर्यंत परवानगी लागेल. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. आणखी एक मेख आहे. जुनं पुस्तक मोकळं झालं तरी त्याला आजच्या संपादकानं लिहिलेली प्रस्तावना आणि टिपा मोकळ्या नसतात, त्या वाचायच्या नाहीत.

आम्ही लेखकाच्या कुटुंबीयांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे. वाटलेल्या सीडी एकेक करून परत मागितल्या आणि नऊ तासांचं वाचन पुसून टाकलं. यांनी ते पुसलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बसले होते. पुढे २०१२ साली कायदा दुरुस्त झाला. अपंग व्यक्तींना वाचता यावं म्हणून पुस्तकाचं रूपांतर करणं, नफ्याचा हेतू नसेल तर, त्यामुळे परवानगीशिवाय शक्य झालं. अंधांच्या पुस्तकांसाठी २०१३ साली माराकेश इथे आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१४ साली त्याला रीतसर मान्यता देणारा पहिला देश भारत होता. तरीही ही सवलत अपंग वाचकांपुरती आहे. नातेवाइकांना सीडी वाटणं तिच्यात बसत नाही.

त्यानंतर आम्ही फक्त मोकळी पुस्तकं घेतली. जगभर असंच काम करणारे पुष्कळ लोक आहेत. २००५ साली कॅनडातल्या माँट्रियलमध्ये ह्यू मॅकगायर यांनी लिब्रिवॉक्स ही चळवळ सुरू केली. कुणीही स्वयंसेवकानं एखादं प्रकरण घरी बसून वाचायचं आणि सगळी प्रकरणं जोडून पुस्तक तयार झालं की ते सगळ्यांना फुकट द्यायचं. मराठीत व्यावसायिक ध्वनिपुस्तकांनाही २०१७ नंतर चांगली गती आली. त्या साली स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली, आणि तिच्या सुरुवातीच्या भाषांत मराठी होती. शिकलेले, कसलेले आवाज आता पुस्तकं वाचतात. आमच्या गोधड्यांतल्या वाचनाची त्यांच्याशी बरोबरी नाही.

पण अंध शाळेतल्या मुलांनी एक गोष्ट आमच्या लक्षात आणून दिली. अकरा तासांची सलग फाइल म्हणजे पानं न उलटता येणारं पुस्तक. डोळस माणूस बोट घालून ठेवतो, मागं जातो, एखादं प्रकरण पुन्हा काढतो. कानानं वाचणाऱ्यालाही ते करता यायला हवं. यासाठी ‘डेझी’ नावाची पद्धत आहे, तिची आंतरराष्ट्रीय संघटना १९९६ साली स्थापन झाली. तिच्यात प्रकरण, परिच्छेद, पान यांच्या खुणा आवाजाशी जोडलेल्या असतात. आम्हाला ते सगळं जमलं नाही. निदान प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करून तिच्या सुरुवातीला प्रकरणाचा आकडा बोलायचा, एवढं आम्ही करू लागलो.

अण्णा २०१२ साली गेले. यमूची गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत दोनदा ऐकली. शाळेला दिलेल्या प्रतीतून त्यांचं ते ‘थांब’ आणि त्यापुढचं बोलणं यांनी काढून टाकलं होतं. आत्याचं ते गुपित घराबाहेर न्यायचा हक्क आम्हाला कुणी दिला नव्हता. सांध्यावर खोलीची शांतता जोडली होती. मूळ फाइल आम्ही घरी ठेवली.

अण्णा जाऊन वर्ष झालं असेल. मी शाळेत गेले होते, तेव्हा नववीतली एक मुलगी काठी टेकत जवळ आली आणि म्हणाली, ‘‘बाई, तुमच्या कादंबरीत एका ठिकाणी काहीतरी तोडलंय का?’’ मी विचारलं, कुठे? तिनं बरोबर तेच प्रकरण सांगितलं. ‘‘तिथं खोली बदलते,’’ ती म्हणाली, ‘‘आणि तुमचा आवाज पण. त्याच्या आधी तुम्ही पुस्तक वाचायल्या होत्या, आणि मग एकदम कुणाला तरी सांगायलात असं वाटतंय.’’

जे आम्हाला इतक्या वेळा ऐकून कळलं नव्हतं, ते तिनं ऐकलं होतं. काय तोडलं ते मी तिला सांगितलं नाही. माझ्यासमोर माझे सासरे बसले होते आणि ते पुढचं मी त्यांनाच वाचून दाखवत होते, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मग पुढची पुस्तकं पण तशीच वाचा ना.’’

तेव्हापासून माइकसमोर बसले की मी समोर एक खुर्ची ठेवते. बहुतेक वेळा तिच्यावर हे बसतात. यांना यायला उशीर झाला तर ती रिकामी असते, पण वाचायचं तिच्याकडे बघूनच.